मुक्या सोबत्याचा निरोप



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. २ तारखेच्या आधी चर्चच्या ऑफिसात पाकिटे जमा होऊ लागतात. त्यांत आजी-आजोबांची, आईवडिलांची, कधी कधी लहान लेकरांचीही नावे असतात. अशा वेळी एखादे माणूस पाकीट देऊन झाल्यावर तिथेच घुटमळते आणि हळूच विचारते, "फादर, आमचा कुत्रा गेला. त्याच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुःख असते, पण त्याहून जास्त संकोच असतो. आपण काहीतरी पोरकट बोललो, आता फादर हसतील, अशी भीती असते.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे आम्हाला वाटते. बारा-तेरा वर्षे घरात वावरलेला जीव जातो तेव्हा माणसाला खरोखर काय गमावल्याचे दुःख होते? ते दुःख करणे योग्य आहे का? आणि शेवटच्या दिवसांत त्या जिवाचे आपण काय देणे लागतो? या रविवारी आपण यावर थोडा विचार करू या.

आपली भाषा कुत्र्याला फारसा मान देत नाही. वाईट मरणाला आपण 'कुत्र्याची मौत' म्हणतो. कोणाची फारच दैना झाली तर 'त्याचे हाल कुत्रा खाणार नाही' म्हणतो. पवित्र शास्त्रातही कुत्रा हा शब्द बहुतेक ठिकाणी तुच्छतेनेच आला आहे. पण भाषा काहीही म्हणो, याच मातीतली माणसे कुत्र्याला आदराने निरोप देत आली आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचवले, अशी कथा आहे. महाराज १७४९ साली वारले. म्हणजे कुत्र्यासाठी रडणे हे आजकालच्या फ्लॅटमधल्या लोकांचे खूळ आहे, असे म्हणता येत नाही.

अलीकडचे उदाहरण तर आपल्या पुण्याशीच जोडलेले आहे. शिवाजीनगरच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला 'झंजीर' हा लॅब्रॅडॉर डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले. किती घरांतले दिवे त्यामुळे तेवत राहिले, याचा हिशेब कोणी करू शकणार नाही. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने मूठमाती दिली. मोठमोठे अधिकारी त्याला फुले वाहायला आले होते. त्यात कोणालाही काही गैर वाटले नाही.

यावर कोणी म्हणेल, झंजीरने शहर वाचवले, खंड्याने राजा वाचवला; आमच्या मोत्याने काय केले? त्याने फक्त पोस्टमनवर भुंकून घेतले आणि सोफ्याची कड कुरतडली.

इथे आम्हाला तोबितच्या ग्रंथातला कुत्रा आठवतो. तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, सोबत रफाएल हा देवदूत असतो, आणि त्यांच्या मागोमाग घरचा कुत्राही निघतो. परत येतानाही तो बरोबर असतो. त्याचे नाव दिलेले नाही. तो कोणाला वाचवत नाही, कोणता चमत्कार करत नाही. तो नुसता बरोबर चालतो. तरीही देवाच्या वचनात त्याला जागा मिळाली आहे. आपल्या बहुतेकांच्या घरच्या कुत्र्याचे काम एवढेच असते, आणि ते लहान नाही. मुलगी पहिलीत होती तेव्हा तो आला, ती कॉलेजात गेली तेव्हाही तो दारात होता. वडिलांचे आजारपण, नोकरी सुटल्याचे दिवस, घरातली भांडणे, नाताळचे दिवे, सगळे त्याने पाहिले आणि कोणाला सांगितले नाही. तो गेला की त्या वर्षांचा एक साक्षीदार जातो. दाराआडच्या खिळ्यावर टांगलेला पट्टा पाहून डोळे भरतात ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट नाथान संदेष्ट्याची. दावीद राजाला त्याचे पाप दाखवण्यासाठी नाथानने एका गरिबाच्या कोकरीची कथा सांगितली. ती कोकरी त्या माणसाच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत झोपे, त्याला ती लेकीसारखी होती. एका श्रीमंताने ती हिरावून घेतली. ऐकून दावीद संतापला. "एक कोकरी तर गेली, दुसरी घे," असे तो म्हणाला नाही. एका जनावराशी जडलेली माया हिरावली जाणे हे खरे नुकसान आहे, हे त्याला समजावून सांगावे लागले नाही. मग आपणही शोक करणाऱ्या शेजाऱ्याला "अहो, कुत्राच तर होता, दुसरा आणा," असे म्हणू नये.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. प्रेमाला क्रम असतो, अशी संत अगस्तीनची शिकवण आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला आपल्या ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ दोन्ही बाजू सांगतो: प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी दयाळूपणे वागणे हे आपले कर्तव्य आहे, त्यांना विनाकारण दुःख देणे किंवा मारणे माणसाला शोभत नाही, आणि त्याच वेळी, माणसाला द्यायचे प्रेम प्राण्यावर उधळू नये, माणसाच्या दुःखनिवारणावर आधी खर्चायचा पैसा प्राण्यावर खर्चू नये. कुत्रा आपले मूल नव्हे. तो कुत्रा होता, आणि कुत्रा म्हणूनच त्याने आपल्याला जे द्यायचे ते भरभरून दिले. त्याला माणूस ठरवल्याने त्याचा मान वाढत नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. कुत्रा म्हातारा होतो, मागचे पाय जातात, अन्नपाणी सुटते, रात्रभर कण्हतो. प्राण्यांचे डॉक्टर सांगतात, "आता सुधारणा नाही. हवे तर इंजेक्शन देऊन झोपवता येईल." घरातले दोन तट पडतात. एक म्हणतो, सोडवा त्याला. दुसरा म्हणतो, जीव देवाने दिला, आपण कोण घेणारे?

ख्रिस्तसभा माणसाच्या बाबतीत दयामरण कदापि मान्य करत नाही. मग प्राण्याच्या बाबतीत वेगळे का? माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे. मरणाच्या अंथरुणावरही तो क्षमा मागू शकतो, क्षमा करू शकतो, आपले दुःख ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडू शकतो. त्याचे शेवटचे दिवस त्याचे स्वतःचे असतात. ते आखडते करण्याचा हक्क कोणाला नाही. कुत्र्याला वेदना कळतात, पण त्या वेदनेचे तो काही करू शकत नाही. तिचा अर्थ त्याला लावता येत नाही, ती कधी संपेल याची आशाही धरता येत नाही. देवाने प्राणी माणसाच्या हाती सोपवले ते राखणीसाठी, आणि राखण करणाऱ्याला कधी कधी हा जड निर्णयही घ्यावा लागतो. बरे होण्याची आशा उरली नसेल आणि वेदना आवरत नसतील, तर त्या जिवाला शांतपणे जाऊ देणे हे पाप नाही.

पण निर्णयाआधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे: आपण कोणाचे दुःख संपवत आहोत? त्याचे, की आपले? फरशी पुसण्याचा कंटाळा आला, सुट्टीत गावाला जायचे आहे, औषधे परवडतात पण नकोशी झाली, म्हणून इंजेक्शन देणे ही दया नव्हे. आणि त्याच्याशिवाय राहवणार नाही म्हणून त्याला सलाइनवर आठवडेच्या आठवडे तळमळत ठेवणे, हीही दया नव्हे. हा प्रश्न दोन्ही बाजूंनी कापतो. घरातल्यांनी एकत्र बसून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, आणि एकदा ठरले की एकमेकांना दोष देऊ नये.

आणखी एक विनंती: शेवटच्या क्षणी त्याच्याजवळ राहा. त्याला दवाखान्यात सोडून बाहेर रिक्षात बसू नका. ओळखीचा हात डोक्यावर असणे एवढेच त्याला कळते. याहून वाईट म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याला गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून येणे. पाळीव प्राण्याला उपाशीतापाशी मरायला असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आपल्या हिंदू शेजाऱ्यांना महाभारतातली धर्मराजाची कथा ठाऊक असते: स्वर्गाच्या दारात पोचूनही, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून आत जायला तो तयार झाला नाही. ज्याने आपला भरवसा धरला त्याला टाकू नये, हे सांगायला वेगळा धर्म लागत नाही.

मुलांना काय सांगायचे? "त्याला शेतावर पाठवला" असे सांगू नका. मूल वर्षभर वाट पाहते, आणि खरे कळल्यावर कुत्र्याबरोबर तुमच्यावरचा विश्वासही गमावते. तो मेला, असेच सांगा, आणि मुलाला रडू द्या. पुष्कळ मुलांना मरणाची पहिली ओळख इथेच होते. मग मूल विचारते, "तो स्वर्गात गेला का?" संत थॉमस अक्विनास यांच्या मते प्राण्याचा जीव शरीराबरोबर संपतो, माणसाच्या आत्म्यासारखा तो अमर नाही. पण ख्रिस्तसभेने यावर श्रद्धेचा सिद्धांत म्हणून शेवटचा शब्द सांगितलेला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी कुत्र्यांना स्वर्ग खुला असल्याचे सांगितले, अशी बातमी जगभर छापून आली. ते तसे बोललेच नव्हते, हे मागाहून स्पष्ट झाले. मात्र २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्यांनी लिहिले आहे की अनंत जीवनात प्रत्येक निर्मितीला, नवे रूप घेऊन, आपली जागा असेल. संत पौलही रोमकरांस सांगतो की सारी सृष्टी मुक्तीची वाट पाहत कण्हत आहे. तेव्हा मुलाला एवढे सांगावे: "देवाने त्याला घडवले, आणि येशू म्हणतो की देव एका चिमणीलाही विसरत नाही. मग आपल्या मोत्याला कसा विसरेल?" यात खोटे काही नाही, आणि आपल्याला ठाऊक असल्यापेक्षा जास्तही काही नाही.

राहिला पाकिटाचा प्रश्न. मृतांसाठीची मिस्सा आपण पापक्षमेसाठी अर्पण करतो. कुत्र्याने पाप केलेले नाही, त्याला तिची गरज नाही. पण त्याच्या रूपाने घराला मिळालेल्या आनंदाबद्दल उपकारस्तुतीची मिस्सा जरूर मागा. ऑफिसात बिनसंकोच सांगा. त्याचा देह नदीकाठी किंवा कचराकुंडीत टाकू नका. महानगरपालिकेकडे प्राण्यांच्या दहनाची सोय आहे. उरलेली औषधे आणि खाणे फेकून देण्याआधी भटक्या प्राण्यांची सेवा करणाऱ्यांना विचारा.

आणि त्याच्या उशाशी ज्या रात्री जागून काढल्या, त्या विसरू नका. न कंटाळता घाण पुसणे, चमच्याने पाणी पाजणे, काही न बोलता जवळ बसणे, हे तुम्हाला जमले. आपल्या धर्मग्रामात आज अनेक घरांत आतल्या खोलीत एखादी आजी, एखादे आजोबा असेच पडून आहेत. त्यांच्या क्रमाने त्यांचा हक्क पहिला आहे. कुत्र्यापाशी शिकलेला धीर तिथे घेऊन जा.

हे प्रभो, तू निर्माण केलेल्या आणि काही काळ आमच्या हाती दिलेल्या त्या मुक्या सोबत्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्याला राखताना आमच्या हातून उणे पडले असेल ते तू भरून काढ, आणि जे अजून आमच्या दारात आहेत त्यांना राखायला आम्हाला बळ दे. आमेन.