अदत्तादान आणि उघडे द्वार

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्याचे गव्हर्नर माइक पार्सन यांनी वार्ताहर परिषद बोलावून असे जाहीर केले की, राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळात एका इसमाने घुसखोरी केली असून, त्याच्याविरुद्ध फौजदारी कारवाई व्हावी म्हणून प्रकरण सरकारी वकिलाकडे सोपविले आहे आणि पोलिसांची तहकीकातही सुरू होत आहे. हा इसम म्हणजे ‘सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच’ या दैनिकाचा एक बातमीदार होता. शिक्षकांची अर्हता व प्रमाणपत्रे कोणालाही तपासून पाहता यावीत म्हणून खात्याने जे पान जनतेसाठी खुले ठेवले होते, ते त्याने उघडले. आणि कोणत्याही पानाचा जो सोर्स कोड एक कळ दाबताच ब्राउझरमध्ये कोणासही दिसतो, तो त्याने वाचला. त्या मजकुरात शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक पडून होते. त्यांवर संकेतनाचे एक पातळ आवरण होते खरे. परंतु ते संकेतन गुप्ततेसाठी नव्हे, तर मजकुराच्या वहनाच्या सोयीसाठी वापरतात, आणि ते उलगडण्याची रीत सर्वांना ठाऊक असते. बातमीदाराने तीन शिक्षकांच्या नोंदींवरून खातरजमा केली, संगणक-सुरक्षा शिकविणाऱ्या एका प्राध्यापकाचे मत घेतले, खात्याला कळविले, आणि खात्याने ते पान बंद करीपर्यंत बातमी छापली नाही.

या माणसाने चोरी केली काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी कायद्याचा वाटतो. पण तो कायद्याच्या आधी धर्माचा आणि नीतीचा आहे. चोरीची जी कल्पना आपल्या मनात पिढ्यान्पिढ्या रुजली आहे, तिच्यात वस्तू एकाच्या ताब्यातून जाते आणि दुसऱ्याच्या ताब्यात येते. मालकाचे घर रिकामे होते, हाच चोरीचा पुरावा. ज्ञानाच्या बाबतीत हा पुरावा मुळातच नाहीसा होतो. क्रमांक वाचला तरी तो जेथल्या तेथे राहतो. दस्तऐवजाची नक्कल झाली तरी मूळ दस्तऐवज दप्तरातून हलत नाही. मग दोषाचे अधिष्ठान कोठे मानायचे? हातात, हेतूत, की परिणामात? नुसते पाहणे हे पाप होऊ शकते काय, आणि होत असेल तर कोणत्या क्षणी?

या प्रश्नाचा विचार माझ्या मते सर्वांत सूक्ष्मपणे जैन आचार्यांनी केला आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’ने, जे आजही कोल्हापूर-सांगलीकडील दिगंबर मंदिरांतून दशलक्षण पर्वात वाचले जाते, चोरीची व्याख्या न दिलेले घेणे, म्हणजे अदत्तादान, अशी केली. वस्तू हलली की नाही याला त्या व्याख्येत स्थान नाही. देणाऱ्याची संमती होती की नव्हती, एवढेच ती विचारते. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत या व्याख्येवरची एक मोठी मार्मिक शंका स्वतःच उपस्थित केली. भिक्षू गावात आणि नगरात हिंडताना रस्ते तुडवतो, वेशीतून आणि दारांतून आत जातो. ही प्रवेशाची परवानगी त्याला कोणी हातात आणून दिलेली नसते. तर मग तोही अदत्तादानाचा दोषी ठरत नाही काय? पूज्यपाद याची दोन उत्तरे देतात. पहिले असे की, ती वाट सर्वसामान्यांसाठी मोकळी सोडलेली आहे, आणि मिटलेल्या दारातून भिक्षू कधी जात नाही, कारण ते दार मोकळे सोडलेले नाही. दुसरे असे की, व्याख्येत प्रमत्त मनाची अट गृहीत आहे. लोभ, द्वेष, बेपर्वाई यांनी ज्याचे मन व्यापलेले नाही, त्याच्या ठिकाणी चौर्य संभवत नाही.

ही दोन उत्तरे म्हणजे दोन स्वतंत्र कसोट्या आहेत: एक दाराची आणि एक मनाची. मिसुरीच्या बातमीदाराला दोन्ही लावून पाहाव्यात. जे पान राज्याने स्वतःच जगापुढे मांडले होते, ते मिटलेले दार नव्हते. आणि ज्याने दुरुस्ती होईपर्यंत लेखणी आवरून धरली, त्याचे मन प्रमत्त होते असे म्हणणे अशक्य आहे. प्रमाद होता, पण तो दुसऱ्या बाजूला होता. तहकीकातीत पुढे उघडकीला आले की ही माहिती २०११ पासून अशीच उघड्यावर होती, आणि तिच्यात सुमारे ५ लाख ७६ हजार शिक्षकांचे क्रमांक होते. शिक्षण खात्याने प्रथम जे निवेदन तयार केले होते, त्यात बातमीदाराचे आभार मानण्याचा बेत होता, हेही कागदपत्रांवरून नंतर प्रसिद्ध झाले; कृतज्ञतेच्या जागी आरोप कसा आला, याचा विचार राज्यकर्त्यांनी एकांतात करावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने खटला भरणार नसल्याचे जाहीर केले. मात्र मधल्या चार महिन्यांत एका निरपराध माणसाच्या नावावर गुन्हेगारीची छाया पडून राहिली होती.

आधुनिक अमेरिकी कायद्याची गती यांपैकी पहिल्या कसोटीपर्यंतच पोहोचते. अमेरिकेत संगणकीय अपराधांचा जो कायदा १९८६ मध्ये झाला, त्याचा अर्थ लावताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये, म्हणजे मिसुरीचे प्रकरण घडण्याच्या चारच महिने आधी, व्हॅन ब्यूरेन खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला. जॉर्जिया राज्यातील एका पोलीस सार्जंटाने पैशाच्या मोबदल्यात सरकारी दप्तरातून एका वाहनाच्या क्रमांकाचा शोध घेतला होता. ते दप्तर पाहण्याची इजाजत त्याला नोकरीमुळे होतीच. तिचा उपयोग त्याने भलत्याच कामासाठी केला. फाटक उघडे होते की बंद एवढेच हा कायदा पाहतो, आतला हेतू तपासत नाही, असे ठरवून न्यायालयाने त्याला या कायद्याखालील गुन्ह्यातून मोकळे केले. कायद्याने आपली हद्द आखून घेतली हे योग्यच झाले, कारण हेतूच्या नावाखाली सर्व नागरिकांना गुन्हेगार ठरविणारा कायदा भयंकर असतो. परंतु नीतीच्या दरबारात तो सार्जंट सुटत नाही. जे एका कामासाठी सोपविले होते ते लोभाने दुसऱ्या कामी लावणे हा विश्वासघात आहे, मग दार उघडे असो वा नसो.

याच्या नेमका उलट, आणि म्हणूनच अधिक अवघड, असा प्रसंग आपल्याच देशात घडला. जानेवारी २०१८ मध्ये चंदीगडच्या ‘द ट्रिब्यून’ दैनिकाच्या एका महिला बातमीदाराने व्हॉट्सॲपवर गाठ पडलेल्या एका दलालाला ५०० रुपये देऊन आधारच्या माहितीकोशात शिरण्याचे नाव आणि परवलीचा शब्द मिळविला, आणि तो बाजार किती उघडपणे चालतो हे छापून दाखविले. आधार प्राधिकरणाने दिल्ली पोलिसांकडे जी फिर्याद दिली, तिच्यात त्या बातमीदाराचेही नाव होते. संपादकांच्या संघटनांनी याचा तीव्र निषेध केला. येथे दार मिटलेले होते, हे मान्यच केले पाहिजे. शिवाय ‘तत्त्वार्थसूत्र’ अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रत पुरते न मोडता त्याला लागणारे दोष, सांगते, त्यांत चोराने आणलेले घेणे हाही एक आहे. तेव्हा पहिली कसोटी तिच्या विरुद्ध जाते, आणि तिचे सारे समर्थन दुसऱ्या कसोटीवर येऊन ठेपते. तेथे मात्र ती ठामपणे उभी राहते: तिने जे घेतले ते स्वतःच्या उपभोगासाठी ठेवले नाही, प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांना ते आधी सांगितले, आणि आपल्या नावानिशी प्रसिद्ध केले. ज्यांची माहिती विकली जात होती, त्यांनाच तिने जागे केले. अतिचार घडला असेल, पण व्रताचा भंग झाला नाही, असा निर्णय मी देईन.

आता ज्याच्या बाबतीत संशय न्यायालयात शाबीत झाला, त्या पत्रकाराकडे वळू. मॅथ्यू कीज हा कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे ‘ट्रिब्यून’ नावाच्या अमेरिकी कंपनीच्या मालकीच्या एका दूरचित्रवाणी केंद्रात नोकरीला होता. २०१० च्या शरदात त्याची ती नोकरी सुटली. पुढे रॉयटर्स या वृत्तसंस्थेत काम करीत असताना, मार्च २०१३ मध्ये, त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला की, डिसेंबर २०१० मध्ये ‘अॅनॉनिमस’ या टोळीच्या गप्पांच्या खोलीत जाऊन त्याने जुन्या मालकाच्या यंत्रणेचा परवलीचा शब्द तेथील लोकांच्या हाती दिला आणि धुमाकूळ घालण्यास त्यांना चिथावले. त्या शब्दाच्या बळावर कोणी अज्ञात माणूस त्याच कंपनीच्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या संकेतस्थळात शिरला आणि संसदेतील करकपातीच्या बातमीचे शीर्षक बदलून तेथे अर्थहीन नाव लिहून गेला. ते बदललेले शीर्षक सुमारे ४० मिनिटे राहिले. आपण तेथे पत्रकार म्हणून माहिती मिळविण्यास गेलो होतो, असा बचाव झाला. ज्यूरीने ऑक्टोबर २०१५ मध्ये तो फेटाळला, आणि एप्रिल २०१६ मध्ये दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली.

शीर्षकाला हात लावणारा हात कीजचा नव्हता, आणि येथेच आचार्यांची दृष्टी उपयोगी पडते. त्याच पाच अतिचारांत पहिला आहे दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे आणि शेवटचा आहे खऱ्याच्या जागी बनावट चालविणे. ज्यूरीचा निर्णय प्रमाण मानला तर या माणसाच्या कृत्यात एकाच वेळी दोन्ही आले. दार मिटलेले होते. मनात सत्याची जिज्ञासा नव्हती, जुन्या मालकाबद्दलची अढी होती. आणि जे घडले ते तर पत्रकाराच्या स्वधर्मालाच काळिमा लावणारे होते. दडवलेले उघड करणे हा पत्रकाराचा अधिकार आहे, पण दुसऱ्याने लिहिलेल्या अक्षराच्या जागी खोटे अक्षर बसविण्याचा अधिकार त्याला कोणत्याही शास्त्राने दिलेला नाही. खोडसाळपणाचा परिणाम क्षुल्लक होता म्हणून दोष क्षुल्लक होत नाही. वाचकाचा छापील शब्दावरचा विश्वास ४० मिनिटे का होईना, चोरला गेला.

यावर एक आक्षेप सहज निघेल. हेतू मनात असतो, आणि मन कोणाला दिसत नाही. मग प्रत्येक चोर लोकहिताची सबब पुढे करील, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे, पण निरुत्तर करणारा नाही. हेतू दिसत नसला तरी आचरणात त्याच्या खुणा उमटतात. माणूस स्वतःच्या नावाने वावरला की टोपणनावाआड; खात्री पटण्यापुरते पाहून थांबला की हाताला लागेल तेवढे घेत गेला; ज्यांचे नुकसान होण्याचा संभव होता त्यांना आधी सावध केले की त्यांच्या नुकसानीचा तमाशा मांडला; या गोष्टी साक्षीपुराव्याने सिद्ध होतात. मिसुरीत आणि चंदीगडात या खुणा एका दिशेने बोलतात, सॅक्रामेंटोत दुसऱ्या दिशेने. भारतातील माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ने अपराधासाठी अप्रामाणिकपणा किंवा कपट ही अट घातली आहे, ती याच कारणाने शहाणपणाची आहे. ती अट तपासण्याचे कष्ट फिर्याद लिहून घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी घेतले पाहिजेत.

दंडाविषयी कौटिल्याने सांगून ठेवले आहे की तीक्ष्ण दंड करणारा राजा प्रजेला भयभीत करतो, मृदू दंड करणारा अवहेलना ओढवून घेतो, आणि यथायोग्य दंड करणारा पूज्य होतो. कचेरीतील गलथानपणा दाखवून देणाऱ्यालाच जो राज्यकर्ता चोर म्हणतो, त्याच्या राज्यात उद्या कोणी भोक दिसले तरी तोंड उघडणार नाही, आणि ते भोक खरे चोर निवांतपणे वापरीत राहतील. माझा निर्णय असा आहे: उघड्या दारातून दिसलेले सांगणारा निर्दोष आहे, मिटलेल्या दाराची किल्ली विकली जाते हे लोकांसमोर आणणाऱ्याला दोष द्यायचाच असेल तर तो सौम्य असावा आणि त्याच्या कार्याबद्दलच्या कृतज्ञतेसह असावा, आणि द्वेषाने किल्ली दुसऱ्याच्या हाती देणारा, स्वतः पाऊल न टाकताही, चोर आहे. यांना एकाच आरोपपत्रात बसविणारे सरकार न्यायाची भाषा बोलत असले तरी न्याय करीत नाही. आणि तसे ते करू लागेल तेव्हा बातमीदाराच्या बाजूने उभे राहणे हे वाचकांचे कर्तव्य आहे.