व्रण दिसतो, क्षय दिसत नाही

प्रत्यक्षाला आणखी पुरावा कशाला, असे आपण सहज म्हणतो. आतड्याच्या क्षयात हे म्हणणे टिकत नाही. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे हा रोग बहुधा बसतो. कोलोनोस्कोपीत तिथे आतड्याला वेढणारे आडवे व्रण, उघडीच राहिलेली झडप, आक्रसलेले अंधांत्र दिसते. क्षयाशी गल्लत होणाऱ्या क्रोनच्या आजारात व्रण बहुधा लांबीच्या दिशेने जातात, अस्तर फरसबंदीसारखे उंचसखल होते, गुदाशयातही खुणा सापडतात. पण आडवा व्रण क्रोनमध्येही कधी आढळतोच. न्यायशास्त्राच्या भाषेत हेतू सव्यभिचार झाला, म्हणजे खूण क्षयाशिवायही आढळली. पडद्यावर प्रत्यक्ष होतो तो व्रण. क्षय हे अनुमान.

मुरलेल्या डॉक्टरला क्षयच दिसतो, असा आक्षेप येईल. नैयायिकांकडे त्यासाठी ज्ञानलक्षण प्रत्यक्ष आहे: दुरून चंदन पाहताच ते सुगंधी आहे हेही ‘दिसते’. मात्र चंदनाचा गंधाशी संबंध पक्का असतो, आडव्या व्रणाचा क्षयाशी तसा नाही. मग बायोप्सीने निकाल लावावा? पेशीनाश झालेला, दह्यासारखा ग्रॅन्युलोमा (पेशींची बारीक गाठ) सापडला तर प्रश्न जवळपास मिटतो. पण पुष्कळ रुग्णांत तो सापडतच नाही, कारण तुकडा वरवरचा असतो आणि जंतू थोडे. अभाव सिद्ध व्हायला वस्तू असती तर नक्की दिसली असती, अशी स्थिती लागते. ती इथे नसते, म्हणून कोरा अहवाल क्षय नसल्याचा पुरावा ठरत नाही.

उरते ते न्यायभाष्यकार वात्स्यायनाने सांगितलेले प्रवृत्तिसामर्थ्य: ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळली, तर ते ज्ञान खरे. क्षयाची औषधे सुरू करून दोनतीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात, ती याच न्यायाने. पोटदुखी कमी झाली हे मात्र फळ मानू नये. क्रोनच्या रुग्णालाही या औषधांनी तात्पुरता उतार पडतो. व्रण भरले का, हे पाहायचे. पण कृती फसली तर तिची किंमतही असते. मृगजळामागे धावणाऱ्याचे फार तर पाय दुखतात; इथे क्रोन निघाला तर मधल्या काळात आतडे आणखी अरुंद होऊ शकते, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तरीही जिथे क्षय मुबलक आहे त्या भारतात, शंका खरोखर समसमान असेल तेव्हा, आधी क्षयावर उपचार करणेच मला सयुक्तिक वाटते: क्रोन समजून दिलेले स्टेरॉइड क्षयाला अंगभर पसरू देऊ शकते.