अंगण वाकडे

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत व वापरत आलो आहोत. तिचा सारा रोख नाचणाऱ्यावर आहे. ज्याच्या अंगी कसब नाही तो आपले उणे झाकण्याकरिता निर्जीव अंगणास बोल लावतो, असा तिचा अभिप्राय; आणि तो बहुधा खराही असतो. परंतु या म्हणीची सवय आपणांस इतकी जडली आहे की, एखादे अंगण खरोखरच वाकडे असू शकेल ही शंकाही मनास शिवत नाही. नाचणाऱ्यास हसणारे पुष्कळ; अंगणास पाणसळ लावून पाहणारा विरळा.

मनुष्य आणि त्याच्या हातातील साधन यांचे जेव्हा जमत नाही, तेव्हा दोष कोणाचा? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. याचे कारण सांगितले तर कित्येक वाचकांस हसू येईल. ते कारण म्हणजे बोईसर येथे भरलेला दोन दिवसांचा एक प्रशिक्षणवर्ग.

पालघर जिल्ह्यातील एका लहानशा शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळाची व्यवस्था गेली तीन वर्षे आमच्याकडे आहे. वर्गाचा विषय होता संकेतस्थळांची वापरसुलभता. म्हणजे, संकेतस्थळ ज्याच्यासाठी केले त्यास ते दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता येते की नाही, हे पारखण्याची विद्या. पालघरास गाडीत बसलो ते मनात थोडा ताठा बाळगूनच. वर्गात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे कारकून होते, दोनचार दुकानदार होते, महाविद्यालयातील काही तरुण मुले होती. यांच्या बरोबरीने बसून आम्ही नवे ते काय शिकणार, असा आमचा समज होता.

दुसऱ्या दिवशी तो ताठा उतरला. त्या दिवशीचा नियम मोठा विचित्र होता. बाहेरून पाच माणसे बोलावली होती. प्रत्येकास एकेक काम सांगावयाचे, त्याच्याच मोबाइलवर संकेतस्थळ उघडून द्यावयाचे, आणि ज्याने ते केले त्याने मागे खुर्ची टाकून बसावयाचे. बोलावयाचे नाही, बोट दाखवावयाचे नाही, सुस्कारासुद्धा टाकावयाचा नाही. पाचच माणसे का, असे कोणी विचारले, तेव्हा शिक्षकांनी याकोब नील्सन या तज्ज्ञांचे मत सांगितले. बहुतेक दोष उघडे पडावयास पाच माणसे पुरतात. एकच मोठी परीक्षा घेण्यापेक्षा लहान लहान परीक्षा अनेक वेळा घ्याव्या व दर खेपेस सापडलेले दोष काढीत जावे, असे त्यांनी २००० साली लिहिले होते.

आमच्या वाट्यास विक्रमगडकडील एक बाई आल्या. मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरणे, हे त्यांचे काम. त्यांनी नाव लिहिले, गाव लिहिले, शाळा लिहिली. मग जन्मतारीख आली. ती त्यांनी सावकाश, मराठी अंकांत लिहिली व खालचे बटन दाबले. पडद्यावर ‘अवैध नोंद’ असे दोन तांबडे शब्द उमटले आणि भरलेला सारा अर्ज कोरा झाला. त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून भरला; पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, पदराने बोटे पुसली, आणि कोणाकडेही न पाहता त्या म्हणाल्या, ‘‘माझंच काहीतरी चुकतंय.’’

त्यांचे काहीच चुकले नव्हते. अर्ज मराठी, सूचना मराठी, सूचनेतील तारखाही मराठी अंकांत; आणि जन्मतारखेचा रकाना मात्र केवळ इंग्रजी अंक स्वीकारणारा! हा रकाना आम्हीच केला होता. ‘अर्ज जात नाही’ अशी गाऱ्हाणी तीन वर्षे येत होती. ‘लोकांस सूचना वाचावयास नकोत’ असे म्हणून आम्ही ती सोडून दिली होती. किती मुलींचे अर्ज त्या रकान्यापाशी अडले असतील, याचा हिशेब आमच्याजवळ नाही. जो अर्ज पोहोचलाच नाही, त्याची नोंद कोठे राहणार?

त्या मौनाविषयी येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. बाई अडखळताच आमच्या ओठांवर शब्द आले होते: ‘इंग्रजी अंक घाला.’ ही आमची दया, असे आम्ही प्रथम समजलो. पुढे विचार करता ध्यानात आले की, त्यात दयेपेक्षा लज्जाच अधिक होती. त्यांची अडचण दूर व्हावी यापेक्षा आमचा दोष चारचौघांत दिसू नये, ही घाई मोठी होती. शिवाय, त्या घरी एकट्या अर्ज भरतील तेव्हा आम्ही थोडेच शेजारी असणार? आम्हांस गप्प बसविले म्हणूनच त्यांच्या घरी रोज काय घडत असेल ते आम्हांस पाहावे लागले. उपकार करण्याची संधी काढून घेतली म्हणजे मनुष्यास आपली चूक कशी लख्ख दिसते, हे आम्ही त्या दिवशी अनुभवले.

वर्ग जेथे भरला होता तेथून तारापूरचे अणुविद्युत केंद्र फार दूर नाही. १९६९ साली सुरू झालेले हे भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र. त्याच्या सान्निध्यामुळेच की काय, शिक्षकांनी दुपारी दूर देशीच्या अशाच एका केंद्राची कथा सांगितली. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेतील थ्री माईल आयलंड येथे अणुभट्टीचा दाब सोडणारी एक झडप उघडली ती मिटलीच नाही. नियंत्रणकक्षात त्या झडपेसाठी एक दिवा होता. तो विझला म्हणून झडप मिटली असे तेथील माणसांनी मानले. परंतु झडप मिटण्याचा हुकूम सुटला, एवढेच तो दिवा सांगत असे. हुकूम पाळला गेला की नाही, हे त्यास ठाऊक नव्हते. दोन तासांहून अधिक वेळ भट्टीतील पाणी त्या वाटेने जात राहिले व गाभ्याचा मोठा भाग वितळला. माणसांची चूक, असे म्हणून हे प्रकरण मिटविता आले असते. चौकशीत मात्र माणसांच्या चुकांबरोबरच त्यांना मिळालेल्या शिक्षणाचे व नियंत्रणकक्षाच्या मांडणीचे दोषही पुढे आले. तेथील माणसे का चुकली याचा विचार करावयास ज्यांना बोलाविले, त्यांत डोनाल्ड नॉर्मन हे मानसशास्त्रज्ञ होते. दारे, नळ, शेगड्या अशा रोजच्या वस्तू माणसास कशा चकवितात यावर त्यांनी १९८८ साली ग्रंथ लिहिला, आणि या विद्येचा अभ्यास करणारा आजही तो प्रथम वाचतो.

अणुभट्टी कोठे आणि प्रवेशअर्ज कोठे, असे कोणी म्हणेल. संकटाचे मान निराळे हे खरे. परंतु मूळ एकच. दोन्हीकडे साधन अर्धे सत्य बोलले, आणि दोष ऐकणाऱ्याच्या माथी आला.

‘माझंच चुकतंय’ ही भाषा माणसाच्या तोंडी येते तरी कोठून? आमच्या जिल्ह्यात तिचा इतिहास जुना आहे. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव व डहाणू या तालुक्यांत वारल्यांनी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. लग्नापुरते काढलेले कर्ज फेडण्यासाठी नवराबायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबावे, अशी तेथील स्थिती होती. ज्याचा हिशेब आपणांस वाचता येत नाही, तो खराच असला पाहिजे, असे ज्या समाजास पिढ्यान्पिढ्या मानावे लागले, त्याच्या मनातील कागदाचा धाक एका पिढीत जात नाही. वेठ गेली, कागदही जात चालला. परंतु न समजणाऱ्या अक्षरांपुढे मान खाली घालण्याची सवय मागे राहिली. ‘अवैध नोंद’ हे दोन शब्द लिहिताना त्या सवयीस आपण खतपाणी घालीत आहो, हे आमच्या गावीही नव्हते.

यावर एक आक्षेप येतो, व तो विचारार्ह आहे. सर्वच सोपे करीत गेल्यास मनुष्य आळशी व मंद होईल. विद्येस कष्ट हवेतच, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. आम्हांसही हे मान्य आहे. परंतु कष्टांचे दोन प्रकार आहेत. डोंगर चढण्याचे कष्ट निराळे, आणि पायथ्याशी कोणी टाकलेले काटे काढण्याचे कष्ट निराळे. गणित कठीण असावे, त्याने बुद्धी घडते. गणिताच्या वर्गात नाव घालण्याचा अर्ज कठीण असल्याने कोणाची बुद्धी घडली आहे? ज्या कष्टांनी मनुष्य वाढत नाही, ते त्याच्या माथी मारणे म्हणजे नुसती वेठच होय.

मग वापरणाऱ्यावर काहीच जबाबदारी नाही काय? आहे, सूचना वाचण्याची, घाई न करण्याची. तथापि दोषाची वाटणी करताना एक कसोटी लावावी असे आम्हांस वाटते: ज्याच्या हाती बदलण्याची शक्ती, त्याच्या वाट्यास दोष अधिक. त्या बाई आमचा रकाना बदलू शकत नव्हत्या. आम्ही बदलू शकत होतो. आता कायदाही याच दिशेने पाऊल टाकीत आहे. बँकेच्या कामी ओळख पटविताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवावे, अशी अट असे. आम्लहल्ल्यात ज्यांचे डोळे गेले त्यांनी काय करावे? अशा पीडितांच्या व एका अंध गृहस्थांच्या अर्जांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि अशा सेवा सर्वांस वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. डोळे नसलेल्यास डोळे मिचकाव म्हणणारे यंत्र हे वाकडे अंगण नव्हे तर काय?

असो. घरी परतताच आम्ही तो रकाना दोन्ही अंक स्वीकारील असा केला. ‘अवैध नोंद’ काढून काय राहिले ते साध्या शब्दांत लिहिले. आणि एका चुकीपायी सारा अर्ज कोरा होणार नाही, अशी तजवीज केली. एका संध्याकाळचे काम होते; ते तीन वर्षे पडून राहिले होते.

एक गोष्ट मात्र आमच्याने झाली नाही. वर्ग संपल्यावर आम्ही त्या बाईंस गाठून म्हटले, ‘‘ताई, चूक तुमची नव्हती. आमचा अर्जच चुकीचा होता.’’ त्या संकोचून हसल्या व म्हणाल्या, ‘‘असं कसं, सर? तुम्ही शिकलेली माणसं. माझंच चुकलं असेल.’’ आम्ही पुन्हा समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली. परंतु ती आम्हांस बरे वाटावे म्हणून, हे आम्हांस स्पष्ट दिसत होते. त्यांची बस निघण्याची वेळ झाली होती, आणि त्या गेल्या.