कावेरीकाठचे कीर्तन

चेन्नैहून उत्तरेस निघालेल्या पुष्कळशा उपनगरी आगगाड्या जेथवर येऊन माघारी फिरतात, त्या गुम्मिडिपूंडीच्या पुढे थोड्याच अंतरावर तमिळ मुलूख संपतो आणि तेलुगू मुलूख लागतो. अशा हद्दीवरच्या गावी राहणाऱ्या मराठी माणसाला आपली भाषा कोठवर पोचते हा प्रश्न वारंवार पडावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु भक्तीलाही अशी हद्द असते काय, हा प्रश्न त्याहून जुना आहे. आणि त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात कावेरीच्या खोऱ्यात ज्या क्रमाने घडत गेले, तो क्रम ध्यानी घेतल्यावाचून मराठी कीर्तनाचे खरे सामर्थ्य कळत नाही, असे माझे मत आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि त्यांच्या मागोमाग समर्थ संप्रदायाचे मठ, भीमस्वामींसारखे अधिकारी पुरुष, पोथ्या आणि कीर्तनकार तेथे गेले. परमुलखात गेलेल्या समाजाने आपला ठेवा जपावा, तसे हे कीर्तन जपले गेले: मराठी मुखाने मराठी कानांसाठी. त्याची भाषा हेच त्याचे स्वत्व, ही समजूत त्या काळी इतकी सहज होती की ती कोणी बोलूनही दाखवली नसेल.

१७९९ च्या तहाने सरफोजीराजांच्या हाती तंजावरचा किल्ला, तैनात आणि मान एवढेच राहिले, राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांनी आपली बुद्धी मग ग्रंथसंग्रहाकडे वळवली; सरस्वती महाल ग्रंथालय आणि मोडी दप्तराचे रुमाल यांविषयी आपण अभिमानाने बोलतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरवलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहून आपला ऊर भरून येतो, आणि तो भरावाही. तथापि मराठीपणाची मोजदाद दगड आणि कागद यांवरून करण्याची ही सवय आपल्याला एका मोठ्या गोष्टीकडे डोळेझाक करावयास लावते, कारण दक्षिणेने आपल्याकडून जे मनापासून घेतले, ते शिलालेखांत नाही.

कीर्तनाचे पहिले पाऊल तंजावरबाहेर पडले. कोकिळकंठ म्हणून नावाजलेले मेरुस्वामी त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले, आणि त्यांच्या कीर्तनाच्या धाटणीवर महाराजांनी संस्कृतात कुचेलोपाख्यान आणि अजामिलोपाख्यान रचले. येथे काहीतरी सुटे झाले. शब्द संस्कृत, राजा मल्याळी मुलखाचा, आणि चौकट मात्र आपल्या हरिदासाची! भाषा काढून घेतली तरी कीर्तन उभे राहते, हे या प्रयोगाने प्रथम दिसले. पण तो दरबारी प्रयोग होता, लोकांचा नव्हे.

लोकांपर्यंत ही गोष्ट पोचली ती दौलत बुडाल्यावर. १८५५ साली तंजावरचे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि ते संस्थान खालसा झाले. राजाश्रयावर जगणारी कला अशा वेळी कोमेजते असे आपण सामान्यतः धरून चालतो. येथे उलट घडले. १८६० नंतरच्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकरांनी तंजावरी मुक्काम करून कीर्तने केली. ती ऐकणाऱ्यांत कृष्ण भागवतर नावाचा एक तरुण गवई होता (त्याचा काळ १८४१ ते १९०३). पूर्वरंगात एखादा सिद्धांत मांडून उत्तररंगात आख्यानाने तो उजळवणे, गद्य निरूपणातून क्षणात गायनात शिरणे, आणि साकी, दिंडी, ओवी, आर्या, कटाव यांच्या चालींनी कथेचा वेग कमीजास्त करणे, ही सारी मांडणी त्याने आत्मसात केली व तिच्यात तमिळ निरूपण, त्यागराजांच्या तेलुगू कृती आणि कर्नाटक संगीताचे राग ओतले. आज जिला दक्षिणेत हरिकथा म्हणतात, तिचे प्रौढ रूप ते हेच. तमिळ भागवतर आजही ‘साकी’ आणि ‘दिंडी’ हेच शब्द वापरतात.

आणि त्याने आख्यान कोणते गाजवले? गोपालकृष्ण भारतींचे नंदनार चरित्र. नंदनार हा चोळ देशातला अस्पृश्य गणलेला शिवभक्त, चिदंबरच्या दर्शनासाठी तळमळणारा. ज्याने पंढरीच्या महाद्वाराबाहेरचा चोखोबा ऐकला आहे, त्याला ही तळमळ ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. वैष्णवांच्या चौकटीत शैव संत आला, आणि ती चौकट मोडली नाही. मला तर या सगळ्या इतिहासातला हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

याच सुमारास मुंबईत निराळे काम चालले होते. सरकारी द्रव्यसाहाय्याने, हस्तलिखिते ताडून, तुकोबांची गाथा १८६९ पासून १८७३ पर्यंत दोन भागांत छापली गेली. एका टोकाला विद्वान शब्द स्थिर करीत होते, दुसऱ्या टोकाला भागवतर शब्द बदलून प्राण राखीत होते. दोहोंना मी सारखाच ऋणी आहे. तरी पहिल्याचे माहात्म्य आपल्याला शाळेपासून माहीत असते आणि दुसऱ्याचा उल्लेखही आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत क्वचित सापडतो, याचे वाईट वाटते.

पुढे महिपतीच्या भक्तविजयातील संत तमिळ घरांत पोचले, आणि मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी घालून दिलेल्या भजनपद्धतीत अष्टपदी व तरंग या संस्कृत पदांच्या सोबतीने अभंगांनाही स्थान मिळाले. या भजनाच्या तमिळ पुस्तकांत एक गोष्ट पाहण्यासारखी असते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारींना अक्षर एकच. म्हणून परक्या भाषेतले पद छापताना अक्षराच्या अंगाला बारीक आकडे घालून कोणता वर्ण उच्चारावा हे दाखवण्याची तेथे रीत आहे. ज्यांना मराठी बोलता येत नाही अशी माणसे त्या आकड्यांवर बोट ठेवून, जीभ सांभाळीत, तुकोबांचे एकेक अक्षर म्हणत जातात, आणि विठ्ठलाच्या नावापाशी आली की बोट उचलतात.