पोरांच्या खोलीतला पसारा



ईस्टरनंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही धर्मगुरू आपल्या दारी येतो. ओटी, आल्तार, स्वयंपाकघर, आजीची खाट, सगळीकडे पवित्र पाणी शिंपडले जाते. मग एका बंद दारापाशी आई हळूच आडवी येते. ‘फादर, ही राहू द्या. पोराची खोली आहे, आत पाय ठेवायला जागा नाही.’ ज्याला आशीर्वादाची सगळ्यांत जास्त गरज, नेमकी त्याचीच खोली कोरडी राहते. पसाऱ्याची लाज आमच्यापुढे तरी बाळगू नका. घंटेच्या शिस्तीत सेमिनरीत वर्षे काढलेल्या काही धर्मगुरूंच्या टेबलाकडेही बघवत नाही!

वसईतल्या जुन्या घरांत हा प्रश्न नव्हता, कारण पोरांना खोलीच नव्हती. रात्री ओटीवर किंवा माजघरात गोधड्या अंथरायच्या आणि पहाटे गुंडाळायच्या. त्याच जागेत दिवसभर माणसांची ये-जा असे. कपडे ट्रंकेत, पुस्तके कोनाड्यात. आज पन्नाशीला आलेले अनेक आईबाप असेच वाढले. पुढे वाड्यांच्या जागी इमारती आल्या, घरात बेडरूम आल्या, आणि हौसेने, प्रसंगी कर्ज काढून आपण मुलांना स्वतंत्र खोली दिली. पण स्वतःची खोली कशी सांभाळायची, याचा वारसा आपल्या घरांत नाही. तेव्हा पोराला लगेच आळशी ठरवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

मग होते काय? मुलगा क्लासला गेला की आई गुपचूप सगळे आवरून टाकते. दप्तर उपसते, कागद फेकते, आणि त्यात त्याने जपून ठेवलेली एखादी चिठ्ठीही जाते. नाहीतर रविवारी सकाळी, मिस्साला दहा मिनिटे उरली असताना, पप्पांचा आवाज चढतो. घरचे सगळे तोंड फुगवून देवळात येतात आणि शांतीचे चिन्ह देताना एकमेकांकडे बघत नाहीत. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (3:21) संत पौल बापांना बजावतो, की मुलांना चिडीस आणू नका, ती खचतील. हे वाक्य घरात कुणी फारसे वाचून दाखवत नाही. त्याच्या आधीचे, मुलांनी आज्ञा पाळावी हे, मात्र सगळ्यांना पाठ असते.

या बाबतीत संत डॉन बॉस्को यांच्या घरातली एक रात्र आठवण्याजोगी आहे. इटलीतल्या तुरीन शहरात, वाल्दोको येथे, ते रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करीत. त्यांची आई मार्गारेट 1846 साली गाव सोडून त्यांच्या मदतीला आली. त्यांनी सुरुवातीला काही पोरांना गवताच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, तर ती सकाळी चादरी-पांघरुणे घेऊन पसार! त्यानंतर मे 1847 मध्ये एका पावसाळी संध्याकाळी पंधराएक वर्षांचा एक अनाथ मुलगा ओलाचिंब होऊन दारात आला. वाल्सेसियाहून कामाच्या शोधात आलेला तो गवंडी होता. मार्गारेटने त्याला शेकोटीपाशी बसवले, खाऊ घातले. मग त्याला बरोबर घेऊन बाहेरून विटा आणल्या, विटांवर फळ्या टाकल्या, आणि स्वयंपाकघरातच बिछाना तयार झाला. मुलगा झोपण्यापूर्वी तिने कष्ट, सचोटी आणि धर्म यांविषयी त्याला दोन शब्द सांगितले. भांडीही जाऊ नयेत म्हणून दाराला रात्री कुलूप लावले, हेही डॉन बॉस्कोंनी आपल्या आठवणींत लपवलेले नाही. सालेशियन संस्थांत झोपण्यापूर्वी मुलांशी चार शब्द बोलण्याची जी प्रथा आहे, तिचा उगम याच रात्रीत मानतात.

त्या विटा मुलानेही उचलल्या, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. शिवाय माया होती म्हणून कुलूप सुटले नाही. आपल्याकडेही दोन-तीन नियम आधीच ठरवून सांगता येतील: जेवलेले ताट रात्रीच मोरीत, ओला टॉवेल दोरीवर, शनिवारी केर त्याचा त्यानेच काढायचा. बाकी टेबलावरचा गोंधळ त्याचा त्याला निस्तरू द्यावा. पहिल्या शनिवारी आई किंवा बाप बरोबर बसले तर उत्तम. आणि आत जाताना दार वाजवावे. हे नियम मुलालाही हवेत. भावाचे अंथरूण बहिणीने काढायचे, ही रीत आपल्या अनेक घरांत अजून चालू आहे. ती बंद व्हायला हवी.

तरुण मित्रांनो, हे पत्रक आईने मुद्दाम तुमच्या उशीवर ठेवले असेल, तर एक गंमत वाचा. योहानाच्या शुभवर्तमानात (20:7) रिकाम्या कबरेचे वर्णन आहे. प्रभूच्या डोक्याला बांधलेला रुमाल इतर तागाच्या वस्त्रांत पडलेला नव्हता. तो गुंडाळून वेगळा ठेवलेला होता. पुनरुत्थानाच्या सकाळीसुद्धा!

पालकांना आणखी एक सांगायचे आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. कधीकधी पसारा हा नुसता पसारा नसतो. नीटनेटकी राहणारी मुलगी अचानक काहीच आवरेनाशी होते, जेवण टाळते, दिवसभर झोपते किंवा रात्रभर जागते, मैत्रिणींना भेटत नाही. दहावी-बारावीच्या वर्षात तर हे अभ्यासाच्या नावाखाली झाकून जाते. अशा वेळी केरसुणी बाजूला ठेवून तिच्याजवळ बसा, ऐका. गरज वाटली तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या; त्यात कमीपणा नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (5:35-43) याईराची मुलगी बारा वर्षांची होती. घरात रडारड, गलका चालला होता. प्रभू येशूने सगळ्यांना बाहेर काढले आणि तिच्या आईबापांना व आपल्या तीन शिष्यांना घेऊन तो तिच्या खोलीत गेला. तिचा हात धरून त्याने तिला उठवले, आणि मग घरच्यांना सांगितले, की हिला काहीतरी खायला द्या.