सूर्यचूल आणि भाकरी

मराठवाड्याच्या वाट्याला पाऊस बेताचा आला. ऊन मात्र सढळ हाताने मिळाले. असे असता फुकटच्या उन्हावर अन्न शिजविणारी सूर्यचूल आमच्या घरांत का रुजली नाही? १९८० नंतरच्या दशकात शासनाने अनुदान देऊन तिचा प्रसार केला. आतून काळी पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा; डाळ-तांदळाचे डबे ठेवून तोंड सूर्याकडे केले की दोन-तीन तासांत अन्न तयार. धूर नाही, सरपण नाही. तरीही पुष्कळ घरांत ती अखेर माळ्यावरच चढली.

‘लोक अडाणी, नवे काही घेतच नाहीत,’ असे म्हणून सुशिक्षित मंडळी मोकळी होतात. हा निकाल आम्हांस अन्यायाचा वाटतो. त्या पेटीत वरण-भात शिजतो, पण ज्वारीची भाकरी होत नाही. भाकरीला तापलेला तवा हवा, फुगायला निखारा किंवा जाळ हवा. फोडणीचेही तेच. म्हणजे चूल विझत नाहीच, तिच्या जोडीला आणखी एक वस्तू सांभाळावी लागते. त्यातून कामावर जाणारी बाई भल्या पहाटे भाकऱ्या थापून फडक्यात बांधून निघते. तेव्हा सूर्य उगवलेलाही नसतो. रात्रीचे गरम जेवण तो मावळल्यावर व्हायचे. दुपारी पेटीचे तोंड फिरवायला घरी थांबणार कोण? पेटी बनविणाऱ्यांनी सूर्याचा अभ्यास केला होता, त्या बाईच्या दिवसाचा केला नव्हता.

तेच ऊन शहरातील गच्च्यांवर आंघोळीचे पाणी तापवू लागले, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. कारण आंघोळीची रीत बदलावी लागली नाही. शिर्डीच्या साई संस्थानाने २००९ साली गच्चीवर ७३ मोठ्या तबकड्या बसवून सूर्याच्या उष्णतेने वाफ केली आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचे अन्न शिजविले. तिथे दिवसभर चालणारे स्वयंपाकघर होते आणि देखभालीला माणसे होती.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, याहून जुना दाखला उभा आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की अठराव्या शतकातली. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर तिथे यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. एवढी सोय डोळ्यांसमोर असूनही घराघरांत बाया पुढे दोन शतके जात्यावरच दळत राहिल्या. त्यांना कष्टांची आवड होती असे नव्हे. बारमाही वाहणारे पाणी घरोघर आणायचे कोठून? पुढे विजेची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. पीठ तेच, भाकरी तीच, यंत्र विकत घ्यायला नको, दळणाचे पैसे दिले की झाले. (जात्याबरोबर ओवीही गेली, याची हळहळ वाटते, पण ती हळहळ न दळणाऱ्यांनाच अधिक वाटते, असे आम्ही पाहिले आहे.)

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाच्या अंगांत स्मृती व सावधगिरी यांची गणना केली आहे. नवी वस्तू फसली तर सधनाची थोडी फजिती होते. हातावर पोट असणाऱ्याच्या घरी त्या रात्री ताट रिकामे राहते. त्याने शेजाऱ्याचा अनुभव पाहून मगच हात घातला, तर त्याला आम्ही मागासलेला म्हणणार नाही.

पण याच संतांनी तत्पर निर्णयबुद्धीही विवेकातच धरली आहे आणि इथे आमचा कैवार अडखळतो. थांबण्याची किंमत कोण मोजते? चुलीचा धूर जिच्या छातीत जातो, तिच्या हाती बहुधा पैसा नसतो. घरभेटींत आम्ही अंगणात नवी मोटारसायकल पाहिली आहे आणि आत धुराने काळवंडलेल्या भिंती. मोटारसायकल घेताना त्या घराने दहा वर्षे शेजाऱ्याची वाट पाहिली नव्हती. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी बाईच्या नावावर देण्याचे ठरले, यात शासनाने नेमके मर्म ओळखले असे आम्हांस वाटते. तरी रिकामी टाकी पुन्हा भरून आणण्याचे पैसे कुणाच्या खिशातून निघायचे, हे अजून त्या घरातच ठरते. आणि ते ठरत असताना ती बहुधा आत भाकरी थापीत असते.