दोन वाशी

एक वाशी धाराशिव जिल्ह्यांत बालाघाटाच्या पठारावर पावसाकडे डोळे लावून बसलेली. दुसरी ठाण्याच्या खाडीकांठीं, नवी मुंबई महानगरपालिकेंत वैभवानें नांदणारी. या भेदाचें श्रेय उद्योगास व दोष आळसास देणें सोपें. पण तें न्याय्य आहे काय? खाडीकांठची वाशी केवळ स्वकष्टानें वाढली नाहीं. 1970 सालीं सरकारनें सिडको स्थापिली, नव्या शहरासाठीं 95 गांवांची जमीन घेतली. 1984 सालीं योग्य मोबदल्यासाठीं झगडतांना पांच शेतकरी गोळीबारांत प्राणांस मुकले. म्हणजे नगराची समृद्धि हें सरकारच्या संकल्पाचें आणि दुसऱ्यांच्या त्यागाचेंहि फळ होय. ज्यास सर्वांचें साह्य लाभलें, त्यानें मागें राहिलेल्यास आळशी म्हणूं नये. आपल्यावरील ऋण ओळखावें. खरा नागरधर्म तो हाच.